ठाणे ते चिपळूण इलेक्ट्रिक कारने: गाडी उत्तम, वाटेतले चार्जर बेभरवशाचे

गाडी घेऊन वर्ष होत आलं. रोज घोडबंदर रोड ते ऐरोली, रात्री सोसायटीत स्वतःच्या चार्जरवर लावायची. शहरात इतकी सुखाची गाडी मी आजवर चालवली नव्हती. अडचण गावी निघाल्यावर सुरू होते.

गाव चिपळूणजवळ. बॅटरी ४० युनिटची. चार माणसं, सामान आणि एसी धरून हायवेला अडीचशे किलोमीटरच्या आसपास जाते. अंतरही जवळपास तेवढंच, म्हणजे माणगाव-महाड पट्ट्यात एकदा चार्ज करणं भागच. ॲपवर तिथे चार्जर हिरवे दिसतात. प्रत्यक्षात कधी स्क्रीन काळी, कधी वीजच गेलेली, कधी कुणीतरी लाल इमर्जन्सी बटण दाबून तसंच सोडलेलं. ते फिरवून वर आणलं की बरेचदा चार्जर सुरू होतो, पण हे सांगायला तिथे माणूस नसतो. हेल्पलाइनवाले लांबून रीस्टार्ट करून बघतात आणि मग ‘पुढच्या स्टेशनला जा’ म्हणतात. बॅटरी १२ टक्क्यांवर असताना आणि पुढे कशेडी घाट असताना हे ऐकणं फार त्रासाचं आहे.

चार्जर चालू असला तरी पाटीवरच्या आकड्यावर जाऊ नका. ६० किलोवॅटच्या यंत्राला सहसा दोन गन, म्हणजे गाडीला लावायच्या केबल, असतात. शेजारी दुसरी गाडी लागली की बऱ्याच ठिकाणी ३०-३० अशी वाटणी होते. १० ते ८० टक्के म्हणजे २८ युनिट. एकटे असलात तर अर्धा-पाऊण तास, वाटणीत तासभर. ८० नंतर वेग आणखी पडतो, म्हणून मागे रांग असताना १०० पर्यंत थांबू नये, ही कळकळीची विनंती. गणपतीत रांग असतेच.

पैशांचा प्रकार वेगळाच. प्रत्येक कंपनीचं ॲप निराळं, वॉलेटमध्ये आधी पैसे भरा, मग ओटीपी. आणि घाटाच्या आसपास मोबाइलला रेंज नसते. बहुतेक ठिकाणी छप्परही नाही. कोकणातल्या पावसात छत्री मानेत धरून जड केबल ओढायची, हे आईवडिलांच्या वयाच्या माणसाला कसं जमावं?

महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक स्टेशन, असं केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत होतं. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने अटल सेतू, पुणे एक्सप्रेसवे, समृद्धीवर टोलमाफी दिली, त्याचा आनंद आहेच. पण माझ्या दृष्टीने मोजायला हवं ते वेगळं: लावलेल्या चार्जरपैकी आज किती चालू आहेत. बंद चार्जर अमुक तासांत दुरुस्त झाला नाही तर कंपनीला दंड व्हावा, ॲपला खरी स्थिती दाखवणं बंधनकारक व्हावं, आणि साध्या यूपीआयने कुठेही पैसे देता यावेत.

तोवर मी पनवेल सोडण्याआधी एकदा टॉप-अप करतो, थांबायच्या स्टेशनवर त्याच दिवशी कुणी चार्ज केल्याची नोंद (चेक-इन) ॲपवर बघतो आणि ३० टक्क्यांखाली जाऊ देत नाही. घरी किंवा सोसायटीत चार्जर लावायची परवानगी मिळत नसेल, तर आत्ता ही गाडी घेऊ नका.