१२ औंसांचे वेल्क्रो ग्लोव्हज: पंचिंग बॅगेला उत्तम, स्पारिंगला नकोत

पुण्यातल्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत बॉक्सिंगच्या नवशिक्याच्या हाती बहुधा हेच ग्लोव्हज पडतात: १२ औंस, म्हणजे एक ग्लोव्ह साधारण ३४० ग्रॅमचा, रेक्झिनचं आवरण, मनगटाला वेल्क्रो.

पंचिंग बॅग आणि पॅडवर्क, म्हणजे प्रशिक्षकाने हातात धरलेल्या पॅडवर ठोसे मारणं, यासाठी जोडी चांगली आहे. स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सराव-लढतीला, मात्र १४ किंवा १६ औंसांचे वेगळे घ्या. बॅगेवर मारून दबलेला फोम जोडीदाराच्या तोंडावर दगडासारखा लागतो.

रिकाम्या हाताने माप घेऊ नका, इथेच बहुतेकांची फसगत होते. ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळतात ते साडेचार मीटरचं बँडेज बांधून हात घाला. बोटांची टोकं आत जेमतेम टेकावीत, मूठ सहज मिटावी. अंगठा ओढला जात असेल तर ती जोडी सोडून द्या. पट्टा रुंद हवा. अरुंद पट्ट्यात मनगट मागे वाकतं आणि दुखणं मागे लागतं.

खरी परीक्षा पावसाळ्यात. घामेजलेले ग्लोव्हज किटबॅगेत तसेच राहिले की कुबट वास धरतात, अस्तर कुजतं. तोंड उघडं ठेवून, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात नको, रेक्झिनला भेगा पडतात.