डालेक परत बघितले: जुन्या 'डॉक्टर हू'चा बारावा सीझन (ब्लू-रे) आणि त्याच्या आजूबाजूचं बरंच काही

हा बॉक्स घेतला तो डालेकांसाठी, उगाच खोटं कशाला बोलू. बीबीसीने 2018 मध्ये जुना 'डॉक्टर हू' (काळात आणि अवकाशात भटकणाऱ्या 'डॉक्टर'ची ब्रिटिश टीव्ही मालिका, डॉक्टरचं काम करणारा नट मधूनमधून बदलतो) एकेक सीझन करत साफसूफ करून ब्लू-रेवर काढायला सुरुवात केली आणि पहिलाच मान दिला बाराव्या सीझनला, म्हणजे 1974-75 चा, टॉम बेकर नव्याने डॉक्टर झाला तो. पाच गोष्टी, वीस एपिसोड, त्यातली चौथी गोष्ट 'जेनेसिस ऑफ द डालेक्स'. ती बघून झाल्यावर राहवलं नाही, मग मागचे पुढचे बाकीचे डालेक पण काढून बघितले, त्यामुळे हा रिव्ह्यू बॉक्सचा आहे आणि थोडा डालेकांचा पण आहे, चालवून घ्या.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. डालेक म्हणजे साधारण माणसाच्या उंचीचं धातूचं धूड, खालच्या अंगाला अर्धगोल फोड, वर घुमट, घुमटातून निघालेल्या दांडीच्या टोकाला डोळा, एक हात म्हणजे बंदूक आणि दुसरा हात म्हणजे बेसिन तुंबल्यावर वापरतो ना तो रबरी पंप. आत एक चिकट, लिबलिबीत, किरणोत्सर्गाने बिघडलेला जीव, ज्याला स्वतःची जात सोडून विश्वातलं बाकी सगळं संपवायचंय. 1963 च्या डिसेंबरमध्ये हे पहिल्यांदा दिसले, मालिका सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. गंमत अशी की मालिकेची कल्पना ज्याच्या डोक्यातली त्या सिडनी न्यूमनची सक्त ताकीद होती की बटबटीत डोळ्यांचे राक्षस वगैरे आपल्याकडे नकोत, आणि मालिका तरली ती या राक्षसांमुळेच. लेखक टेरी नेशन, डिझाइन रेमंड क्युसिकचं. नेशनकडे हक्क होते म्हणून खेळणी विकली गेली तसा तो मालामाल झाला, आणि क्युसिक बिचारा बीबीसीचा पगारी माणूस, ज्याने तो आकार डोक्यातून काढला त्याला बोनस म्हणून किरकोळ रक्कम मिळाली. हे वाचलं की अजूनही डोकं फिरतं.

तर आता मुद्द्याचं. हे सगळं लागोपाठ बघताना माझं एक पक्कं मत झालंय आणि ते असं की नुसता डालेक कधीच भीतीदायक नसतो. किंचाळतो, गोल गोल फिरतो, 'एक्स्टर्मिनेट' ओरडतो, दोन मिनिटं मजा येते, मग संपलं. भीती वाटते ती डालेकच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाची, जो म्हणतो की अरे काही नाही होत, मी यांना सांभाळतो, माझं काम झालं की बघू. ज्या गोष्टीत असा माणूस आहे ती गोष्ट आज पन्नास-साठ वर्षांनी पण चालते, आणि ज्या गोष्टीत नाही ती उघडी पडते, मग तुम्ही कितीही डालेक आणून ओता. 1973 ची 'प्लॅनेट ऑफ द डालेक्स' बघा ना, शेवटी गुहेत हजारो डालेकांची गोठवलेली फौज दाखवायचीय, पैसे नाहीत, म्हणून दुकानात मिळणारे खेळण्यातले डालेक रांगेने मांडलेत. ते कळतं म्हणजे कळतंच. आणि खरं सांगायचं तर खेळणी खटकली नसती, कथेत जीव असता तर.

'जेनेसिस'मध्ये जीव आहे. सुरुवातच अशी की धुकं, गॅस मास्क घातलेले सैनिक चालत येतात आणि स्लो मोशनमध्ये गोळ्यांनी कोसळतात, संध्याकाळी पोराबाळांसोबत बघायच्या मालिकेत हे! मेरी व्हाइटहाउस नावाच्या बाई तेव्हा टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध मोहीम चालवायच्या, त्या या असल्या प्रकारावर तुटून पडल्या होत्या, आणि आज हा सीन बघितल्यावर त्यांना अगदीच वेड्यात काढता येत नाही. स्कारो ग्रहावर कॅलेड आणि थाल या दोन जमातींचं हजार वर्षं युद्ध चाललंय, इतकं लांबलंय की शस्त्रं सुधारायच्या ऐवजी मागे मागे चाललीयेत, एका सैनिकाच्या अंगावर आधुनिक किट आणि हातात जुनाट बंदूक. हे कोणी समजावून सांगत नाही, डॉक्टर एका मेलेल्या सैनिकाकडे बघून दोन वाक्यं बोलतो आणि पुढे जातो. असं लिहिणं आता फार कमी दिसतं. कॅलेडांचे गणवेश, सलाम, बंकर सगळं सरळसरळ नाझी, सुरक्षा कमांडर नायडरच्या गळ्यात तर आधीच्या सीनमध्ये आयर्न क्रॉस (जर्मन लष्करी पदक) आहे, पुढे तो गायब होतो, बहुतेक कोणाला तरी वाटलं असेल की एवढं पण नको. टेरी नेशन 1930 चा, कार्डिफचा, लहानपण बॉम्बहल्ल्यांत गेलेलं, त्यामुळे हे त्याने कुठून आणलं ते विचारायला नको.

आणि मग डाव्हरॉस. डालेक ज्याने बनवले तो अपंग शास्त्रज्ञ, खालचा अर्धा भाग डालेकसारखाच, चेहऱ्यावर सुरकुतलेला मास्क, डोळे बंद, कपाळावर एक निळा दिवा, हलतो फक्त एक हात. मायकल विशर नावाच्या नटाने हे केलंय आणि त्याच्याकडे म्हणजे आवाज आणि ती बोटं, बास. तालमीत डोक्यावर कागदाची पिशवी घालून बसायचा म्हणे, म्हणजे चेहऱ्याशिवाय काम करायची सवय व्हावी. आधीच्या गोष्टींत यानेच डालेकांना आवाज दिलेला, त्यामुळे डाव्हरॉस शांत बोलता बोलता चिडायला लागला की शब्द हळूहळू तुटायला लागतात, पट्टी चढते, आणि एका क्षणी तुम्हाला कळतं की अरे हा तर डालेकच बोलतोय. डॉक्टर त्याला विचारतो की समज, प्रयोगशाळेत तू असा विषाणू बनवलास जो सगळं जीवन संपवेल, तर तू तो वापरशील का. डाव्हरॉसला आधी प्रश्नच भारी आवडतो. मग तो ती कुपी हातात धरल्याची कल्पना करतो, अंगठा आणि बोट हवेत जवळ येतात, आवाज चढत जातो, आणि उत्तर येतं, हो, वापरीन. हा सीन मी मागे नेऊन नेऊन बघितला. ना इफेक्ट, ना मारामारी, दोन माणसं एका खोलीत बसून बोलतायत. थालांशी हातमिळवणी करून स्वतःच्याच कॅलेडांचं शहर उडवून द्यायला हाच माणूस मदत करतो, का, तर त्याच्या डालेकांच्या आड कोणी येऊ नये. आणि शेवटी तेच डालेक त्याच्यावर उलटतात तेव्हा हा दयेची भाषा करतो, आणि समोरून उत्तर येतं की दया हा शब्द आम्हाला समजत नाही. शिकवलाच नव्हता ना रे बाबा तू.

दोन वायर हातात धरून डॉक्टर उभा राहतो तो प्रसिद्ध सीन पण यातच. वायर जोडल्या की डालेकांचा जन्मच नाही, आणि तो थबकतो, म्हणतो मला हा अधिकार आहे का. लोक या सीनवर खूप भारावून बोलतात, मला त्याच्यापुढचं जास्त आवडतं जे कोणी सांगत नाही. थोड्या वेळाने डॉक्टर परत येतो तो वायर जोडायलाच, आणि तेवढ्यात एक डालेक आंधळेपणाने त्या वायरांवरून जातो आणि स्फोट त्याच्यामुळेच होतो. म्हणजे एवढा मोठा नैतिक प्रश्न, आणि निकाल लागला कसा, तर चाकाखाली वायर आली म्हणून. आणि साधलं काय, तर डालेक संपले नाहीत, फक्त हजारेक वर्षं मागे पडले.

कौतुक पुरे, आता नावं ठेवू. सहा एपिसोड हे दीड-दोन जास्तच आहेत. बंदी, सुटका, परत बंदी, बोगद्यातून पळापळ. एका ठिकाणी डॉक्टरचा सोबती हॅरी याचा पाय अवाढव्य शिंपल्यात अडकतो, हो, शिंपल्यात, आणि हॅरी झालेला इअन मार्टर हा चांगला नट तो रबरी शिंपला स्वतःच हलवतोय हे स्पष्ट दिसतं, ब्लू-रेवर तर फारच स्पष्ट दिसतं. दुसऱ्या एपिसोडच्या शेवटी डॉक्टरची सोबतीण सारा उंच मचाणावरून खाली पडते, चित्र तिथेच गोठतं, आठवडाभर जीव टांगणीला, आणि पुढच्या वेळी कळतं की खाली लगेच फळी होती. ही शुद्ध फसवणूक आहे. बॉक्समध्ये याच गोष्टीची 85 मिनिटांची छाटलेली आवृत्ती पण आहे, घरातल्या कोणाला 'बघ तरी एकदा' म्हणून बसवायचं असेल तर ती लावा, पण तुम्ही स्वतः मात्र सहाच बघा आणि रोज एकच बघा. आठवड्याला एक अशा हिशोबाने लिहिलेलं एका बैठकीत बघितलं की त्या पळापळीचा कंटाळा येणारच.

आता डालेकच्या शेजारचा माणूस हे जे मी म्हणतोय त्याचा सगळ्यात जबरदस्त नमुना म्हणजे 1966 ची 'द पॉवर ऑफ द डालेक्स', पॅट्रिक ट्राउटनची डॉक्टर म्हणून पहिली गोष्ट. अडचण अशी की बीबीसीने तेव्हाच्या टेप पुसून टाकल्या, सहाच्या सहा एपिसोड गेले. वाचला तो फक्त आवाज, कारण काही पोरांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून रेकॉर्ड करून ठेवला होता, आणि त्या आवाजावर 2016 मध्ये ॲनिमेशन करून ही गोष्ट परत उभी केली. ॲनिमेशन यथातथाच आहे, माणसं अशी चालतात की गुडघेच नाहीत त्यांना. पण कथा बघा. माणसांच्या एका वसाहतीत बंद पडलेले डालेक सापडतात, शास्त्रज्ञ लेस्टरसन त्यांना चालू करतो, आणि डालेक घोगऱ्या आवाजात म्हणतो, मी तुमचा सेवक आहे. ट्रेमधून पेय वगैरे आणून देतो! वसाहतीत आधीच राजकारण पेटलंय, एकाला खुर्ची पाहिजे, बंडखोरांना हत्यार पाहिजे, लेस्टरसनला नाव पाहिजे, आणि प्रत्येकाला वाटतं की डालेक आपल्या बाजूचा. डॉक्टर एकटा ओरडत फिरतो, त्याचं कोण ऐकतंय. एका क्षणी डालेक माणसालाच विचारतो की माणसं माणसांना का मारतात. त्याला खरंच कळत नाहीये, डालेक डालेकला मारत नाही ना. कारखान्यात एकामागून एक डालेक तयार होताना लेस्टरसन बघतो आणि तिथून त्याचं डोकं फिरत जातं, ते तर हलत्या चित्रांशिवाय, नुसत्या आवाजातसुद्धा अंगावर येतं.

1972 ची 'डे ऑफ द डालेक्स' पण याच माळेतली. बावीसाव्या शतकातली डालेकांची सत्ता, पण कारभार बघतो एक माणूस, कंट्रोलर, चेहरा चकचकीत, बोलणं गोड, आणि त्याची बाजू अशी की मी त्यांचं ऐकतो म्हणून निदान काही जीव तरी वाचतात. अगदी ओळखीचं वाटतं की नाही? शेवटच्या हल्ल्यात मात्र तीनच डालेक आहेत, कारण बीबीसीकडे तीनच होते, आणि 2011 च्या डीव्हीडीत नवे इफेक्ट आणि नवे आवाज घालून ते झाकायचा प्रयत्न केलाय. चालतं.

1988 ची 'रिमेम्ब्रन्स ऑफ द डालेक्स' लोकांना आठवते ती जिन्यासाठी. डालेकला जिने चढता येत नाहीत हा इंग्लंडमधला पिढीजात विनोद, आणि पहिल्या एपिसोडच्या शेवटी डालेक चक्क तरंगत जिना चढतो. मस्त आहे, पण मला आठवतो तो वेगळाच सीन. गोष्ट घडते 1963 च्या लंडनमध्ये, डॉक्टरची सोबतीण एस एका बोर्डिंग हाउसमध्ये उतरलीय, घरमालकीण प्रेमळ, तिचा पोरगा हसतमुख, आणि खिडकीत पाटी लावलेली असते की काळ्या-सावळ्या लोकांना जागा नाही. एस ती पाटी बघते, काही बोलत नाही, पाटी खिडकीत उलटी फिरते, बास. त्या काळात आपल्याकडून तिकडे गेलेल्यांनी या पाट्या खरोखर वाचल्यात. आणि तोच हसतमुख पोरगा वंशशुद्धीवाल्या टोळीचा निघतो, आणि ती टोळी वंशशुद्धीवाल्या डालेकांना जाऊन मिळते. डालेक फक्त तेच मोठ्याने ओरडून बोलतायत जे पाटीवर सभ्य अक्षरात लिहिलंय. (जाता जाता, या मालिकेची पहिलीवहिली गोष्ट दिग्दर्शित केली ती लखनौला जन्मलेल्या वारिस हुसेनने, 1963 च्या बीबीसीत. त्याच्या वाट्याला काय आलं असेल याची कल्पना करता येते.)

मूळ 1963 ची 'द डालेक्स' आता दोन रूपांत मिळते, सात एपिसोड कृष्णधवल, आणि 2023 मध्ये रंगवून 75 मिनिटांत बसवलेली. रंगीत बघायला छान आहे, पण इतकी घाईत कापलीय की श्वास घ्यायला जागा नाही, वर पार्श्वसंगीत सतत वाजतंय. जुन्यात डॉक्टरची सोबतीण बार्बरा एकटी त्या धातूच्या बोळांतून चालते, फक्त एक घरघर ऐकू येते, मग कॅमेराच डालेक होतो आणि आपल्याला दिसतो तो फक्त पुढे येणारा रबरी पंप आणि तिची किंकाळी. ते शांततेशिवाय होतच नाही.

बॉक्समधल्या बाकीच्या गोष्टी पटापट. 'रोबॉट' ठीक. 'द आर्क इन स्पेस' उत्तम, फक्त एकाच्या हाताला परग्रहाची लागण होते तो हात म्हणजे हिरवा रंग फासलेला बबल रॅप आहे, एकदा दिसला की मग तेच दिसत राहतं. 'द सोन्टारन एक्सपेरिमेंट' दोनच एपिसोडची, डार्टमूरच्या माळावर शूट झाली, तिथे टॉम बेकरचं कॉलरबोन मोडलं आणि पुढे तो मफलरखाली लपवून काम करत राहिला. 'रिव्हेंज ऑफ द सायबरमेन' मात्र सोडून दिली तरी चालेल. सायबरमेन म्हणजे भावना काढून टाकलेली माणसं, आणि इथला त्यांचा पुढारी कमरेवर हात ठेवून चिडचिड करतो, घ्या आता. एक्स्ट्रामध्ये जुने कलाकार सोफ्यावर बसून एपिसोड बघत गप्पा मारतात तो भाग नक्की बघा.

घेण्याआधी एकच गोष्ट तपासा, यूकेच्या ब्लू-रे रीजन बी असतात आणि भारत रीजन सी मध्ये येतो, त्यामुळे साध्या प्लेअरवर डिस्क चालेलच असं नाही, मल्टी-रीजन प्लेअर लागतो. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला 'सगळीकडे चालते' असं छातीठोक सांगितलं होतं, चालली नाही, आणि नंतर मेसेजला उत्तर पण नाही. सबटायटल इंग्रजीत आहेत आणि ती लावाच, डालेकांच्या त्या खरखरीत आवाजातले निम्मे शब्द कानाला लागत नाहीत. माझ्याकडून बॉक्सला पाचपैकी चार, एक मार्क शिंपल्याचा कापला.