दादरचा गर्भसंस्कार वर्ग: व्यायामाला पैकीच्या पैकी, फॉर्मला भोपळा

आठ शनिवार, साडेसात हजार रुपये, दादर पश्चिम, दुसरा मजला. लिफ्ट नाही! आठव्या महिन्यातल्या बायका कठडा धरून धापा टाकत चढतात.

व्यायाम मात्र झकास. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताचा रेटा देऊन बसायचं. आठवड्याभरात माझी कंबर दुखायची थांबली. मधल्या सुट्टीत राजगिऱ्याचा लाडू आणि कोकम सरबत. मॅडम मायाळू, दिवस भरत आलेलीला स्वतः खाली टॅक्सीपर्यंत सोडतात.

खटकला तो पहिल्या दिवशीचा फॉर्म. माथ्यावर ‘सुप्रजा’, खाली सात पिढ्यांचे रकाने: रंग, उंची, शिक्षण, ‘अलौकिक गुण’, आणि शेवटी ‘घराण्यात कोणी मंदबुद्धी?’

मी परळला क्रोमोसोमच्या, म्हणजे गुणसूत्रांच्या, लॅबमध्ये अकरा वर्षं काम करतेय. या फॉर्मचे पणजोबा मला माहीत आहेत. ‘युजेनिक्स’ म्हणजे ‘चांगल्या’ घराण्यांचीच प्रजा वाढवायची, बाकीच्यांची रोखायची, हा विचार. हा शब्द फ्रान्सिस गाल्टनने १८८३ मध्ये काढला, हा डार्विनचा नातेवाईक. १९१० मध्ये अमेरिकन जीवशास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हनपोर्टने न्यूयॉर्क राज्यात कोल्ड स्प्रिंग हार्बरला युजेनिक्स रेकॉर्ड ऑफिस उघडलं आणि घरोघर माणसं पाठवून असेच रकाने भरून घेतले. नौदलातल्या अधिकाऱ्यांच्या वंशावळी चाळून या गृहस्थाने समुद्राची ओढसुद्धा आनुवंशिक ठरवली! वरळी कोळीवाड्यातल्या पोरांना विचारा, पहाटे बोटीवर जातात ते रक्ताच्या ओढीने की कर्जाच्या हप्त्याने.

हसून सोडून दिलं असतं, पण त्या कागदांच्या जोरावर कायदे झाले. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कॅरी बक या तरुणीची नसबंदी मंजूर केली. न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात लिहिलं, मतिमंदांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. त्यातली तिसरी पिढी म्हणजे कॅरीची तान्ही मुलगी. ती पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत झळकली. जर्मनीने १९३३ मध्ये कायदाच केला, सुमारे चार लाख लोकांची सक्तीने नसबंदी झाली.

मॅडमना हे थोडक्यात सांगितलं. म्हणाल्या, “अगं, आपलं तसं नाही. आपण फक्त बीज चांगलं आहे ना, ते बघतो.”

माझ्या भाऊजींना डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे बौद्धिक वाढ जन्मापासूनच मंद. एकविसावं क्रोमोसोम दोनाच्या जागी तीन. बहुतेक वेळा ही चूक स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना होते, घराण्यातून आलेली नसते. ते चिमुकलं तिसरं मी सूक्ष्मदर्शकाखाली कितीदा मोजलंय. पण हा रकाना काही मला भरावा लागला नाही. सासूबाई सोबत आल्या होत्या. घराण्यात आणखी कोणी आहे का, हे त्या बेचाळीस वर्षं वेगवेगळ्या तोंडून ऐकतायत. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, शेवटचा रकाना कोरा ठेवला आणि ‘अलौकिक गुण’पुढे लिहिलं: “नितीन. चहा कधी उतू जाऊ देत नाही.”

मॅडमनी वाचलं, मान हलवली, फाइलला लावलं. गेल्या महिन्यात मैत्रिणीने नाव घातलं, तिलाही तोच फॉर्म मिळाला.

पाचपैकी तीन तारे, तेही व्यायामाचे. जाणार असाल तर साडेदहाची बॅच घ्या आणि पंख्याखालची सतरंजी धरा.