क्राउन-पिनियन बदललं, मग स्पीडोमीटर जुळवला : आठ महिन्यांचा अनुभव

गाडी महिंद्रा एमएम ५४०, पेजो डिझेल इंजिनाची. मूळ क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली चाकं फिरवणारी गिअरची जोडी) ४३ आणि ८ दात्यांचं, म्हणजे ५.३८ रेशो : चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे ५.३८ फेरे. ओढायला दणकट, पण टॉप गिअरमध्ये ताशी ६० ला इंजिन २,४०० आरपीएमच्या आसपास कोकलायचं. चेंबूरहून फोर्टला रोज फ्रीवेने जातो, म्हणून गेल्या वर्षी ४७ आणि ११ दात्यांचं, ४.२७ चं बसवून घेतलं. पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलला एकदमच. फोर-व्हीलच्या गाडीत एकच बदलून चालत नाही, ट्रान्सफर केसची (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीची) वाट लागते. आता ६० ला इंजिन १,९०० वर असतं. ह्या खर्चाबद्दल मला अजिबात पस्तावा नाही.

पण मीटरकडे तेव्हा कुणीच बघितलं नाही, मीही नाही. ह्या जीपमध्ये मीटरची केबल चाकावरून नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवरून फिरते. रेशो उतरला की चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्ट कमी फिरतो, केबलही कमी फिरते आणि काटा मागे राहतो. माझा काटा खऱ्या वेगाच्या जेमतेम ८० टक्के दाखवत होता. सी-लिंकवर तो ७० वर होता, मर्यादा ८०, मी निर्धास्त. नंतर फोनवर चलन आलं : वेग ८८. हिशेब तंतोतंत बसला.

त्याहून जास्त फसवलं किलोमीटरच्या आकड्याने. ॲव्हरेज १०.८ वरून ९.३ वर आलेलं बघून मी महिनाभर हळहळत होतो. किलोमीटरच कमी मोजले जात होते. खरं ॲव्हरेज ११.७ होतं. ऑइल बदलायचंही लांबलं, कारण मीटरवर ५,००० होईपर्यंत गाडी ६,३०० च्या जवळ पोचते.

एका गॅरेजवाल्याने काटा उपटून थोडा पुढे बसवून दिला. हे कृपा करून कुणी करू नका. चूक टक्क्यांत आहे. काटा ३० ला बरोबर आणला की ८० ला परत खोटा, आणि किलोमीटर तर जिथल्या तिथेच.

योग्य काम कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत एका म्हाताऱ्या मीटरवाल्या चाचांकडे झालं. त्यांनी आधी मीटर टेबलावर फिरवून बघितला आणि सांगितलं, "ह्याला ५० मीटरला ३१ फेरे पाहिजेत. तुमची गाडी किती देते ते मोजून आणा." रविवारी सोसायटीच्या कंपाउंडमध्ये खडूने ५० मीटर आखले. टायरमध्ये नेहमीची हवा, गाडीत नेहमीचं वजन. केबलचं मीटरकडचं टोक सोडवलं, आतल्या तारेच्या चौकोनी टोकाला कागदाची चिंधी चिकटवली. मी आणि वॉचमन ढकलतोय, पुतण्या चिंधीचे फेरे मोजतोय. तीनदा मोजले, तिन्ही वेळा २५ ला जरासे कमी.

ह्या मापाची केबलची गरारी (केबल फिरवणारं छोटं दातेरी चाक) चाचांकडे नव्हती. त्यांनी केबलच्या मध्ये बसणारा छोटा गिअर बॉक्स दिला, २४ आणि १९ दात्यांचा. २० आणि १६ चाही होता, पण त्याने काटा किंचित कमी दाखवला असता. जास्त दाखवलेला चालेल, कमी नको, ह्यावर चाचा ठाम होते आणि मला ते पटलं. बॉक्स, नवी केबल, मजुरी धरून साडेतीन हजार झाले.

अटल सेतूवर पहाटे तपासलं. पुतण्याच्या हातात जीपीएस, मी पाय स्थिर ठेवून. "काका, बरोब्बर साठ. आता ऐंशी." साठला काटा रेघेवर, ऐंशीला रेघ केसभर ओलांडून.

तक्रार एकच. पावसाळ्यात काटा थरथरायला लागला, ३० च्या खाली तर नाचायचाच. बॉक्समुळे केबलला फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) तीव्र वळण पडलं होतं आणि आत पाणी शिरलं होतं. केबल काढून पुसली, पातळ ग्रीस लावलं (मीटरकडचा वीतभर भाग कोरडा ठेवून, नाहीतर ग्रीस मीटरमध्ये चढतं), क्लिप सरकवून वळण मोठं केलं. तेव्हापासून काटा शांत आहे. बॉक्सला मात्र दर तीन महिन्यांनी दोन थेंब तेल लागतं, नाहीतर तो टिकटिकतो.

जुन्या किलोमीटरच्या आकड्याला हात लावला नाही. रेशो कधी बदलला आणि मीटर कधी जुळवला, दोन्ही तारखा आणि तेव्हाचे आकडे सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवलेत.