हार्लेमची पायी टूर : पायांचे तुकडे पडले, पण पैसे वसूल

पोराकडे जर्सी सिटीला दोन महिने होतो, त्यानेच न्यूयॉर्कमधल्या हार्लेमची, म्हणजे ब्लॅक (आफ्रिकन-अमेरिकन) लोकांच्या जुन्या वस्तीची, ही टूर न विचारता बुक करून टाकली, म्हटलं जळगावहून एवढ्या लांब येऊन गल्ल्या काय बघायच्या, पण भो, चार स्टार देतो. गाईड बाई तिथलीच, आजीच्या काळापासून तिथे राहणारी, पाठ केलेलं बोलत नव्हती.

सेंट्रल पार्क संपतो तिथून, ११० व्या रस्त्यावरून निघालो. बाई म्हणे इथून हार्लेम. लेनॉक्स अॅव्हेन्यूने वर चालत चालत १३५ व्या रस्त्याला आलो तर म्हणे ब्लॅक हार्लेमची सुरुवात खरी इथली. १९०४ ला सबवे, म्हणजे जमिनीखालची रेल्वे आली, बिल्डरांनी तिच्या भरवशावर आधीच इमारती ठोकून ठेवल्या होत्या आणि भाडेकरू मिळेनात, तेव्हा फिलिप पेटन नावाच्या ब्लॅक एजंटने तिथे ब्लॅक कुटुंबं आणली, मग अमेरिकेच्या दक्षिणेकडून लोक येतच गेले. ब्लॅक माणूस जिथे खोली घेईल तिथपर्यंत लोक हार्लेमच म्हणायला लागले, असं हद्द वाढत गेली.

आता गाडी उलटी. पैसेवाले गोरे यायला लागले, १२५ व्या रस्त्यावर २०१७ ला होल फूड्स हे महागडं किराणा दुकान उघडलं, आणि त्याच वर्षी रिअल इस्टेटवाल्यांनी ११० ते १२५ चा पट्टा ‘सोहा’ म्हणून विकायला काढला. सोहा म्हणजे साउथ हार्लेम, पण हार्लेम हा शब्द तेवढा गायब! लोक जाम भडकले. मला हसू आलं, आपल्याकडे प्लॉट पार बांभोरीच्या पुढे आणि बोर्डावर ‘जळगाव शहर, स्टेशनपासून १० मिनिटं’ (विमानाने का?). इथे भाव वाढवायला गावाचं नाव चिकटवतात, तिथे उपटून काढतात. बाईला सांगितलं तर तीही हसली, पण तिचं घरभाडं ऐकून माझं हसू गेलं.

शेवटी सोल फूडचं, म्हणजे ब्लॅक लोकांचं पारंपरिक जेवण, ते तिकिटातच. मक्याचा ब्रेड गोडसर, सोबत ठेचा असता तर मजा होती. कॉलर्ड ग्रीन्स म्हणजे पालेभाजी, पण शाकाहारी असाल तर आधी विचारा, त्यात बऱ्याचदा स्मोक्ड मांस असतं, आमच्या मंडळींनी दोन घास खाल्ल्यावर कळलं, मग दिवसभर अबोला.

एक स्टार कापला कारण तीन तासांत बाथरूमला एकदाही थांबवलं नाही आणि तिथलं गाण्याबजावण्याचं प्रसिद्ध अपोलो थिएटर नुसतं बाहेरून दाखवलं. वयस्कर असाल तर सकाळची बॅच घ्या, पाण्याची बाटली घरूनच न्या.