बंद मॉडेलच्या सुट्या भागांचा ‘शेवटचा लॉट’: मला कसे फसवले गेले

बंद झालेल्या मॉडेलचा आरसी क्रॉलर (दगडांवरून चढणारी रिमोटवरची छोटी गाडी) ज्यांच्याकडे आहे आणि जे त्याचे सुटे भाग साठवून ठेवायच्या विचारात आहेत, त्यांनी पैसे पाठवण्याआधी हे वाचावे.

माझी गाडी म्हणजे ॲक्सिअल या कंपनीची पहिल्या पिढीची एससीएक्स१०. हे मॉडेल २००९मध्ये आले. २०१६मध्ये दुसरी पिढी आली, २०१९मध्ये तिसरी, आणि पहिलीचे मूळ भाग बाजारातून हळूहळू दिसेनासे झाले. नव्या पिढीचे भाग जुन्या गाडीला सरसकट चालत नाहीत. दुसऱ्या पिढीचा ॲक्सल (चाके जोडलेला आस) मुळातच वेगळा आहे. त्यातला रिंग गिअर, म्हणजे मोठे दातेरी चाक, ३० दात्यांचा आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन ८ दात्यांचा, तर जुन्या ॲक्सलमध्ये ही जोडी ३८ आणि १३ दात्यांची. दगडधोंड्यांवरून गाडी चढवताना सगळा जोर याच जोडीवर येतो. चाक फटीत अडकले आणि मोटर पीळ देत राहिली, की पिनियनचे दाते झिजतात किंवा उडतात. त्यामुळे गाडी पुढची अनेक वर्षे चालवायची तर ॲक्सलचे गिअर आणि प्लास्टिकची हाउसिंग (ॲक्सलची बाहेरची कवचे) जवळ हवीत, हा विचार योग्यच होता आणि आजही मी तो सोडलेला नाही.

असे भाग शोधताना भेटलेल्या एका विक्रेत्याने सांगितले की तो छंद सोडतोय. त्याच्याकडे न उघडलेल्या पाकिटांचा साठा आहे, पण तो एकगठ्ठाच द्यायचा आहे, सुटा नाही. यादी पाठवली ती अगदी मन भरेल अशी: गिअरचे संच, ॲक्सल हाउसिंग, नकल (पुढचे चाक वळवणारा सांधा), ड्राइव्हशाफ्ट, शॉकचे भाग, बेअरिंग, टायर. फोटोही स्वच्छ होते. मग सुरू झाली घाई. दुसरा गिऱ्हाईक तयार आहे, हा शेवटचा लॉट आहे, यानंतर हे भाग कुणाकडेच मिळणार नाहीत. आणि शेवटी हळूच एक अट: पैसे ऑनलाइन खरेदी म्हणून नकोत, ओळखीच्या माणसाला पाठवतो तसे पाठवा, म्हणजे शुल्क वाचेल. पेपालसारख्या सेवेत मित्र-कुटुंबीयांना म्हणून पाठवलेल्या पैशांना खरेदीदाराचे संरक्षण मिळत नाही. विक्रेता ही अट घालतो तेव्हा वाचतो तो फक्त तोच.

पार्सल आले. वरच्या थरातली पाकिटे उघडून मी तपासली आणि ती चोख निघाली. गिअरचे दाते बरोबर, धातूवर ओरखडा नाही. खालची पाकिटे तशीच स्टेपल मारलेली, छापील पुठ्ठ्यासह, म्हणून ती डब्यात ठेवून दिली. साठवणीचा माल माणूस ठेवण्यासाठीच घेतो, उघडण्यासाठी नाही. या साऱ्या फसवणुकीचा पाया नेमका हाच आहे, आणि विक्रेत्याला तो पक्का ठाऊक होता. चालू गाडीला लागणारा भाग खोटा दिला तर त्याच आठवड्यात बोंब होते. साठवणीचा भाग खोटा दिला तर बोंब व्हायला गाडी मोडावी लागते, आणि तोवर तक्रारीची मुदत संपलेली असते.

पुढे मागच्या ॲक्सलचे पिनियन गेले तेव्हा मी साठ्यातले पाकीट उघडले. पुठ्ठ्यावर ३८/१३ छापलेले. आत रिंग गिअर ३६ दात्यांचा आणि पिनियन १३ दात्यांचे. म्हणजे दोन वेगवेगळ्या संचांचे तुकडे एकत्र बांधलेले! दुसरे पाकीट याहून घातक निघाले. त्यात ३६ आणि १४ ही जोडी होती. ही जोडी खरी आहे, ॲक्सिअलच्याच ओव्हरड्राइव्ह संचाची, आणि ती त्याच हाउसिंगमध्ये अगदी गुळगुळीत बसते. पण ३८/१३चे गुणोत्तर २.९२, तर ३६/१४चे २.५७. हा संच नकळत मागच्या ॲक्सलमध्ये बसला, तर मागची चाके पुढच्यांपेक्षा सुमारे १४ टक्के जास्त फिरू पाहतात. या गाडीत डिफरन्शिअल लॉक केलेले असते, म्हणजे ॲक्सलची दोन्ही चाके एकत्रच फिरतात, आणि पुढचा-मागचा ॲक्सल एकाच ट्रान्समिशनला जोडलेला, त्यामुळे हा फरक जिरायला जागाच नाही. मागचा भाग पुढच्याला ढकलत राहतो, वळताना गाडी सरळ पळते, ड्राइव्हशाफ्टवर सतत ताण राहतो. मालक बिचारा सर्वो (चाके वळवणारी मोटर) आणि सस्पेन्शन तपासत बसेल, गिअरवर शंका घेणारच नाही, कारण पाकीट तर ‘नवे कोरे’ होते.

मग मी सगळा साठा टेबलावर ओतला. बेअरिंगच्या पुडीवर ५ × ११ × ४ मिमी (आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी) लिहिलेले, आत बहुतेक ५ × १०ची. या गाडीत दोन्ही मापे लागतात, म्हणून नुसत्या नजरेला काही खटकत नाही. ११च्या खोबणीत १०चे बेअरिंग ठेवले की ते खुळखुळते. ‘कडक पोलादाचे’ म्हणून दिलेले शाफ्ट कानशीने सहज कापले गेले. ॲक्सल हाउसिंगचे सांगतो, कारण ही खूण प्रत्येकाने लक्षात ठेवावी. प्लास्टिकच्या नव्या भागातली स्क्रूची भोके आतून गुळगुळीत असतात. स्क्रू पहिल्यांदा आत जाताना स्वतःची आटी कापतो. माझ्या ‘नव्या’ हाउसिंगच्या भोकांत आटी स्पष्ट दिसत होती. कुणीतरी वापरून काढलेला माल धुऊन पाकिटात भरला होता. टायरच्या आतला फोम बोटाने दाबला तर भुगा झाला. थोडक्यात, वर चार अस्सल पाकिटे आणि खाली सगळी खोगीरभरती.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, पॅकिंग करताना गफलत झाली असेल. नंतर म्हणाला, इतक्या काळाने उघडलेत, तुम्हीच अदलाबदल केली नाहीत कशावरून? त्यानंतर ताकास तूर लागू देईना, आणि शेवटी खातेच गायब. पैसे परत मिळाले नाहीत. पैशांपेक्षा मला संताप याचा आहे, की जुन्या गाड्या जीव लावून चालत्या ठेवणारी माणसे मुळात थोडी, आणि हा माणूस नेमका त्यांच्या काळजीवर जगतो.

पाकिटे नंतर बारकाईने पाहिली तेव्हा पुठ्ठ्यावर स्टेपलच्या भोकांच्या दोन जोड्या सापडल्या. एक पिन काढून दुसरी मारलेली. काही पुठ्ठ्यांची छपाई किंचित पुसट होती, अक्षरांच्या कडा धूसर, म्हणजे मूळ पुठ्ठ्याची नक्कल. अशा मालाचे फोटो मागताना पाकिटाची मागची बाजू आणि स्टेपलची जागा जवळून मागा. शेजारी कागदावर त्या दिवशीची तारीख आणि तुम्ही सुचवलेला एखादा शब्द हाताने लिहून ठेवायला सांगा. ज्याच्याकडे माल खरा आहे त्याला हे करायला काहीच अवघड नाही.

माल आला की त्याच दिवशी प्रत्येक पाकीट उघडा, आणि पार्सल फोडल्यापासून सलग व्हिडिओ घ्या. मूळ पाकीट फुटले म्हणून किंमत कमी होईल, ही चिंता संग्राहकाची. आपल्याला गाडी चालवायची आहे. दाते मोजताना एका दात्यावर शाईचा ठिपका द्या, नाहीतर मोजणी चुकते. बेअरिंगला व्हर्निअर कॅलिपर लावा. गिअर आणि शाफ्टला लोहचुंबक लावून पाहा. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा भाग रंगरूपाने पोलादासारखा दिसतो, पण चुंबकाला चिकटत नाही. गिअर हाउसिंगमध्ये बसवून हाताने पूर्ण फेरा फिरवा, आणि मगच ग्रीस लावून हवाबंद डब्यात ठेवा. टायर आणि रबराच्या रिंगा उन्हापासून लांब ठेवा. रबर आणि फोम नुसते पडून राहूनही खराब होतात, त्यामुळे ते वर्षानुवर्षांच्या हिशेबाने घेऊच नयेत.

‘शेवटचा लॉट’ या शब्दांनी घाबरण्याआधी यादीतला प्रत्येक भाग खरोखर दुर्मीळ आहे का, तेही पाहा. माझ्या यादीतला अर्धाअधिक नव्हता. बेअरिंग प्रमाणित मापांची असतात आणि कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळतात. स्क्रूही बहुतेक साधे ३ मिमीचे. ३८/१३ची गिअरजोडी एएक्स१० आणि रेथ या ॲक्सिअलच्याच गाड्यांमध्येही वापरलेली आहे, आणि ती इतर उत्पादकांनीही बनवली आहे. मी शेवटी तशीच एक घेतली, या वेळी एकच जोडी, खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या मार्गाने, आणि मिळाल्या दिवशी गाडीत बसवून चालवली. खरी टंचाई असते ती त्या मॉडेलपुरत्या साच्यातून आलेल्या प्लास्टिकच्या भागांची. साठवायचेच तर ते साठवा, आणि शक्यतो रनरवरून, म्हणजे साच्यातून भागांसह निघणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीवरून, न तोडलेले घ्या. रनरला जोडलेला भाग वापरलेला असूच शकत नाही.

चुकीच्या जोड्यांमधल्या प्रत्येक गिअरचे काही दाते मी कापून टाकले आणि वापरलेल्या हाउसिंगवर लाल रंगाचा पट्टा ओढला, म्हणजे ते पुन्हा कुणाला ‘नवे’ म्हणून विकले जाणार नाहीत. असा माल तुमच्या डब्यात निघाला तर कृपया तुम्हीही तो स्वस्तात पुढे विकू नका.