फ्रीबीएसडी सर्व्हरवर एफएससीके: बूट होताना की बॅकग्राउंडला?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका लहान कार्यालयाचा, फ्रीबीएसडी या युनिक्सवर्गीय ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा फाइल सर्व्हर मी सांभाळतो. पावसाळ्यात वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी संपली की यूएफएस या फाइल सिस्टिमची (डिस्कवरील फाइल्सच्या मांडणीची) एफएससीके या आज्ञेने तपासणी केव्हा करायची, हा प्रश्न दरवर्षी समोर येतो.

फ्रीबीएसडी 5.0 पासून, म्हणजे 2003 पासून मिळणारी बॅकग्राउंड तपासणी पहिल्या नजरेत सर्वांत सोयीची वाटते, कारण सर्व्हर लगेच कामाला लागतो आणि सुमारे 60 सेकंदांनी एफएससीके मागच्या मागे सुरू होते. मात्र ही तपासणी फाइल सिस्टिमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रतिमा) घेऊन त्यावर चालते, हरवलेल्या ब्लॉक आणि आयनोडचा (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदींचा) हिशेब तेवढा जुळवते आणि त्याहून गंभीर बिघाड दिसल्यास काम पुढच्या बूटवर सोडते. शिवाय स्नॅपशॉट घेताना फाइल सिस्टिमवरील लेखन थोपवावे लागते. त्याच वेळी कार्यालयातील सगळे जण कामाला बसलेले असले, तर एक प्रोसेस दुसरीच्या लॉकसाठी आणि दुसरी पहिलीच्या लॉकसाठी अडून राहू शकते.

आमच्याकडे नेमके हेच घडले. पिंगला उत्तर येत होते, लॉगिनही झाले, पण स्नॅपशॉट जिथे ठेवले जातात त्या ‘.स्नॅप’ डिरेक्टरीवर एलएस ही यादी दाखवणारी आज्ञा देताच टर्मिनल गोठले. दुसऱ्या टर्मिनलवर पीएसमध्ये (चालू प्रोसेसच्या यादीत) ‘डी’ अवस्थेतील, म्हणजे मध्येच थांबवता न येणाऱ्या प्रतीक्षेतील प्रोसेसची रांग दिसली आणि बहुतेकींच्या प्रतीक्षेच्या रकान्यात ‘सस्पएफएस’ (फाइल सिस्टिमचे लेखन थोपवल्याची खूण) होते. अशा प्रोसेसवर किल -9 या सक्तीने बंद करण्याच्या आज्ञेचा उपयोग होत नाही. रीसेट करण्याआधी प्रोसेसचे कर्नल स्टॅक (कर्नलमध्ये ती कुठे अडली आहे याचा माग) दाखवणाऱ्या प्रोकस्टॅट -केके चे आउटपुट दुसऱ्या मशीनवर जरूर उतरवून घ्यावे, कारण कोण कशासाठी अडले आहे, हे कर्नल स्टॅकवरूनच कळते आणि रीसेटनंतर तो पुरावा उरत नाही.

बूटच्या वेळची पूर्ण तपासणी वेळखाऊ असते. मोठ्या डिस्कवर कार्यालय बराच वेळ खोळंबते. तरीही तिला स्नॅपशॉट लागत नाही आणि तपासणी संपेपर्यंत कोणी लिहीत नाही, म्हणून डेटा महत्त्वाचा असेल तिथे मी हीच निवडतो व आरसी.कॉन्फ या सेटिंग्जच्या फाइलमध्ये बॅकग्राउंड तपासणी स्पष्टपणे बंद ठेवतो.

थांबणे परवडतच नसेल, तर फ्रीबीएसडी 9.0 मध्ये आलेले जर्नलसह सॉफ्ट अपडेट्स (अपुऱ्या राहिलेल्या बदलांची नोंद ठेवणारी यूएफएसची सोय) घ्यावेत. त्यांत बूटची दुरुस्ती सहसा काही सेकंदांत उरकते. मात्र अशा फाइल सिस्टिमवर स्नॅपशॉट घेण्याची, आणि म्हणून चालू डिस्कचा डम्प -एल या आज्ञेने बॅकअप घेण्याची, सोय 13.2 पासूनच आहे. त्याआधीची आवृत्ती असेल तर जर्नल आणि असा बॅकअप यांपैकी एकच निवडावे लागते. जर्नल डिस्कची खराबी पकडत नाही, त्यामुळे अधूनमधून पूर्ण तपासणी हवीच.

झेडएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये एफएससीके नाही, स्क्रब (चालू असतानाच सगळा डेटा पडताळणे) आहे, आणि स्नॅपशॉट जवळजवळ तत्काळ होतो. नवा सर्व्हर घेत असाल आणि रॅम पुरेशी असेल, तर थेट तेच घ्यावे. जुन्या यूएफएसचे जागच्या जागी झेडएफएस होत नाही. बॅकअप घेऊन, तो उघडून पाहून, डिस्क नव्याने मांडावी लागते.